अर्ध्या मात्रेचा उशीर

आयुष्यात किती तलवारींवर घण मारला, हे तामेजो नाराहाराला स्वतःलाही सांगता आलं नसतं. त्यांतल्या एकाही तलवारीवर त्याचं नाव नाही. मुठीच्या आत दडणाऱ्या भागावर छिन्नीने नाव कोरतात ते लोहाराचं. घण मारणाऱ्याचं नाव कोरायची रीतच नाही, आणि ती असावी असं तामेजोला कधी वाटलंही नाही. "नाटकात पडदा ओढणाऱ्याला कोणी टाळ्या देतं का?" असं तो म्हणायचा आणि वर स्वतःच हसायचा. "पडदा वेळेवर सरकला नाही की शिव्या मात्र त्यालाच!"

सोळाव्या वर्षी तो उराकामींच्या भट्टीत आला. योशिई नदीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतलं ते गाव. महायुद्ध हरून आठ वर्षं झाली होती. मधली सगळी वर्षं तलवार घडवायला बंदी होती, म्हणून उराकामी वस्तादांनी विळे केले, कुदळी केल्या, कोणाच्या तरी बैलगाडीच्या धावासुद्धा बसवून दिल्या. बंदी उठली त्या आठवड्यात त्यांनी गावभर निरोप धाडला : दणकट खांद्यांचे तिघे पाहिजेत, अक्कल नसली तरी चालेल, कान पाहिजेत.

कान कशाला, ते पहिल्याच दिवशी कळलं. वस्ताद भट्टीपुढे मांडी घालून बसत. डावा हात भात्यावर. पोलाद लाल होऊन पिवळं झालं, पिवळ्याचं पांढुरकं व्हायला लागलं, की ते बाहेर काढून ऐरणीवर ठेवत आणि उजव्या हातातल्या लहान हातोडीने त्यावर एक टिचकी मारत. टण्. याचा अर्थ, इथे मारा आणि आत्ता मारा. मग समोर उभ्या तिघांचे घण एकामागून एक पडत : धम्, धम्, धम्. पुन्हा टण्. पुन्हा धम्, धम्, धम्. तोंडाने कोणी अवाक्षर बोलायचं नाही. वस्तादांच्या मनातलं हातोडीत उतरायचं, हातोडीतलं कानात, आणि कानातलं थेट खांद्यात. मध्ये डोक्याचं काही कामच नव्हतं.

"म्हणून तर तुला ठेवलाय," वस्ताद त्याला म्हणत.

तिघांतला थोरला पुढे किनाऱ्यावरच्या मोटारींच्या कारखान्यात गेला. दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात, पितरांच्या सणाला, तो स्वतःची मोटार घेऊन आला आणि सगळ्यांना पुलापर्यंत फिरवून आणलं. वस्तादसुद्धा बसले. उतरताना मोटारीच्या टपावर बोटाची टिचकी मारून म्हणाले, "पत्रा पातळ आहे." दुसऱ्याची कंबर गेली. तीन घणांचे दोन झाले, दोनाचा एक. गावातल्या बायका भाजी खुडताखुडता आवाजावरून ओळखायच्या, की आज भट्टीत एकटा तामेजोच आहे.

वस्ताद त्याला दर एक-दोन वर्षांनी टोकत, "परीक्षा दे. परवाना घे. स्वतःची भट्टी लाव."

"मग इथे घण कोण मारणार?"

"मिळेल कोणी तरी."

"मिळाला की देतो परीक्षा."

कोणी मिळालं नाही. आलेला एक जण चार दिवस टिकला, दुसरा जेवणाच्या सुट्टीत गेला तो गेलाच. तामेजोची बायको किनु म्हणायची, "तुमचं लग्न त्या ऐरणीशी लागलंय. मी आपली अंगण झाडायला." पण भाजलेला भाताचा गोळा आणि मुळ्याचं लोणचं पस्तीस-छत्तीस वर्षं डब्यात रोज तिनेच भरून दिलं.

तलवारी कोण घेणार होतं म्हणा! ज्यांच्या घरात होत्या, त्यांची पोरं त्या विकायला काढत होती. कायद्याने एका लोहाराला महिन्याला दोनच मोठ्या तलवारी करता येतात. वस्ताद थट्टेने म्हणत, की सरकारने आमच्यावर फार विश्वास टाकलाय. शेवटच्या वर्षांत वर्षाला दोन झाल्या तरी पुष्कळ. वस्तादांनी ऐंशी ओलांडली होती. उजवा खांदा आखडला होता. तामेजोही साठीला आला होता. पण भट्टी पेटली, की टण् व्हायचं आणि धम् व्हायचं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी वस्ताद उठलेच नाहीत.

भट्टीशेजारच्या फळीवर पोलादाचा एक ठोकळा राहिला होता. आतल्या थरांनी एकजीव व्हावं म्हणून तलवारीचं पोलाद घडी घालून घालून कुटतात. वस्ताद बारा घड्या घालत. या ठोकळ्याच्या आठ झाल्या होत्या. आठवी झाली त्या दिवशी वस्तादांनी हातोडी खाली ठेवून नुसतं म्हटलं होतं, "उरलेलं थंडी ओसरल्यावर."

मृत्यूनंतरच्या एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी आटोपले. पाहुणे गेले. सेत्सुवहिनींनी, म्हणजे वस्तादांच्या बायकोने, तामेजोला थांबवून घेतलं आणि तो ठोकळा फडक्यात गुंडाळून त्याच्यासमोर ठेवला.

"तामेजो, हे असंच राहिलं तर काय होईल?"

"लोखंडाचा तुकडा, वहिनी. दारं वाऱ्याने आपटू नयेत म्हणून ठेवतात तसला."

"तू नाही का पुरं करू शकत?"

तामेजो मान खाली घालून बसला. परवाना वस्तादांच्या नावाचा. तो त्यांच्याबरोबर संपला. ज्याला परवाना नाही त्याने तलवार घडवली तर तो गुन्हा. आणि गुन्हा नसता तरी काय? घाव कसा घालायचा हे त्याला ठाऊक होतं. कुठे घालायचा, हे सांगणारा गेला होता.

"दोन खिंडी पलीकडे ओगुरी आहेत," तो म्हणाला. "त्यांच्याकडे परवाना आहे. वस्तादांना मानतात. ते हो म्हणाले तर..."

"मग ने. पण एक ऐक." वहिनींनी फडक्याची गाठ पुन्हा आवळली. "घण तूच मार. त्यांच्याकडे विजेचा घण आहे म्हणतात. तो नको. यांनी तो कधी दारातसुद्धा येऊ दिला नाही. यांचं हे शेवटचं पोलाद आहे, तामेजो. यावर माणसाचाच हात पडू दे. तुझा."

"माझाच पडेल, वहिनी," तामेजो म्हणाला. इतक्या वर्षांत त्याने कोणाला दिलेला हा पहिलाच शब्द असावा. त्याच्याकडे कोणी कधी मागितलाच नव्हता.

एप्रिलात, चेरीची फुलं गळून रस्त्यावर चिकटली होती त्या सुमारास, तो दोन बस बदलून ओगुरींकडे गेला. ठोकळा मांडीवर. खांद्यावर स्वतःचा घण, दांडा काढून पिशवीत घातलेला. बसच्या ड्रायव्हरने विचारलं, "आजोबा, कलिंगड आणलंय का?"

"हो," तामेजो म्हणाला. "जरा कच्चं आहे."

क्युसाकु ओगुरी पंचेचाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, तोंडाने फटकळ पण मनाने मऊ माणूस. त्याने ठोकळा दोन्ही हातांनी कपाळाला लावला, मग उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला.

"काका, याला हात लावायची माझी लायकी नाही."

"लायकी माझीही नाही. पण परवाना तुमच्याकडे आहे आणि खांदे माझ्याकडे. दोघांचं मिळून एक माणूस होईल."

ओगुरी हसला. भट्टीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली काहीतरी उंच झाकलेलं होतं. तामेजोची नजर तिकडे गेलेली त्याने पाहिली.

"तोच तो. अकरा वर्षांपूर्वी माझा शेवटचा घणकरी नूडल्सचं दुकान काढायला गेला. मग काय करणार? याला पगार नको, जेवण नको."

"आणि दारू?"

"तीही नको. पण काका, संध्याकाळी याच्याशी गप्पा मारता येत नाहीत हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टी पेटली. देवाला मीठ ठेवलं, पाणी ठेवलं. तामेजोने घणाला दांडा बसवला, पाण्यात भिजवून घट्ट केला, पायातळी जमीन चाचपून पाहिली. पुढे ऐरण, पलीकडे भात्यावर ओगुरी. आयुष्यात पहिल्यांदाच तो दुसऱ्या कोणाच्या समोर घण घेऊन उभा होता.

छिन्नीने मधोमध चीर पाडून ठोकळा दुमडायचं काम नीट झालं. नववी घडी बसली. तामेजोने तिला गवताच्या राखेत लोळवलं, वर चिखलाचं पाणी ओतलं. आता खरा प्रसंग होता. पोलाद इतकं तापवायचं की आतल्या आत ते उकळल्यासारखं कुजबुजतं. ती कुजबूज ऐकून लोहार ते बाहेर काढतो. मग चार-पाच श्वासांत घाव पडले पाहिजेत. पडले तर दोन्ही थर एक होतात. नाही पडले, तर वरून ठीक दिसतं आणि आत फट राहते. फट राहिलेली तलवार तलवार नसते.

ओगुरीने कान भट्टीकडे केला. डोळे मिटले. ठोकळा काढला.

टण्.

धम्.

टण्. धम्. ठिणग्या दारापर्यंत उडाल्या. तामेजोच्या अंगात कित्येक महिन्यांनी रक्त खेळलं. वाटलं, झालं! पोलाद निवल्यावर ओगुरीने ते उजेडात नेलं, कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि ओठ चावला. घडीच्या कडेला केसासारखी काळी रेघ होती.

"माझं चुकलं," ओगुरी म्हणाला. "आच कमी पडली. तुमच्याबरोबर पहिलीच वेळ ना."

पुन्हा तापवलं. पुन्हा टण्, पुन्हा धम्. या वेळी एक बाजू धरली, दुसरी उघडली. ओगुरीने पुन्हा स्वतःलाच दोष दिला, राख ओली होती म्हणाला. दुपारी तिसऱ्यांदा केलं. रेघ हलली, गेली नाही. दर वेळी तापवलं की पोलादाचा वरचा पापुद्रा जळून झडतो. सकाळी मनगट वाकवणारा ठोकळा आता हाताला हलका लागायला लागला होता.

ओगुरीने सांडशी खाली ठेवली. गळ्यातल्या फडक्याने तोंड पुसलं, मग मान पुसली, मग पुन्हा तोंड.

"काका, एक विचारू? रागावू नका."

"विचारा की."

"तुम्ही कोणासाठी थांबता?"

तामेजोला प्रश्न कळला नाही.

"मी टिचकी मारतो," ओगुरी हळू आवाजात म्हणाला, "तुमचा घण वर जातो, आणि वर गेल्यावर एक क्षण तिथे राहतो. कोणीतरी यायचंय, ते आलं की सुरू करू, असा. तेवढ्यात पोलाद निवतं."

"मी? मी थांबतो?" तामेजो ताठ झाला. "त्रेचाळीस वर्षं घण मारतोय मी. वस्तादांनी एकदासुद्धा..."

"म्हणूनच विचारलं."

ओगुरीने वाद घातला नाही. त्याने ऐरणीवर लाकडाचा एक ओंडका ठेवला. भट्टी नाही, आग नाही, घाई नाही. "नुसतं ऐकू या," म्हणाला. टण्. आणि तामेजोने घण मारला. टण्. आणि मारला. पाचव्या-सहाव्या वेळी त्याला स्वतःलाच ते ऐकू आलं. टण्, मग एक पोकळी, मग धम्. अर्ध्या मात्रेचा उशीर. कान पाहिजेत म्हणून ज्याला भट्टीत घेतलं होतं, त्याला ही पोकळी इतकी वर्षं ऐकू आली नव्हती.

तो घणावर टेकून उभा राहिला. डोळ्यांसमोर वस्तादांचा आखडलेला उजवा खांदा आला. दहा वर्षं झाली असतील त्याला, बाराही. टिचकी मारून हातोडी मागे घ्यायला वस्तादांना तेव्हापासून वेळ लागायचा. घण लगेच पडला असता तर त्यांच्या बोटांवर पडला असता. म्हणून तामेजोचा घण वर थांबायचा. आधी पापणी लवेपर्यंत, मग दरसाल जरा जरा जास्त. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी ठरवलं नव्हतं. वस्तादही तो उशीर धरूनच भट्टी जास्त तापवत असतील. दोन म्हातारे एकमेकांना सांभाळत होते आणि दोघांपैकी एकालाही ते माहीत नव्हतं. की वस्तादांना माहीत होतं? आता कोणाला विचारणार!

"जरा लवकर मारून बघतो," तो म्हणाला.

त्याने लवकर मारलं. घण टिचकीच्या आधीच खाली आला, आणि तोही दोन बोटं बाजूला. ओगुरीने झटकन हात मागे घेतला. पुन्हा मारलं, पुन्हा थांबला. खांदा ऐकेना. खांद्याला कोणीतरी दिसत होतं, जे डोळ्यांना दिसत नव्हतं.

"काका, आठ दिवस राहा इथे," ओगुरी म्हणाला. "रोज ओंडक्यावर लय बसवू. माझा हात तुमच्या कानात भिनेल. घाई काय आहे?"

तामेजोने ठोकळा उचलून तळहातावर तोलला. "ओगुरीसान, खरं सांगा. यात अजून मोठी तलवार आहे?"

ओगुरीने ठोकळा स्वतःच्या हातात घेऊन तोलला. "आणखी एकदा फसलं, तर सुरा निघेल. दोनदा फसलं तर..."

"तर दाराला लावायचा तुकडा."

बाहेर कोणाची तरी कोंबडी कोकलत होती. आठ दिवसांत जमलंही असतं कदाचित. साठीतला खांदा नवी लय शिकतो का? आणि समजा शिकला, तर जुनी कुठे जाईल? वस्तादांचं या जगात जे काही उरलं होतं, ते एक त्या ठोकळ्यात होतं आणि एक या खांद्यात. दोन्ही एकदम राखता येणार नव्हती.

त्याने घण भिंतीला टेकून ठेवला.

"काढा ती ताडपत्री."

"काका, वहिनींना तुम्ही शब्द दिलाय. कालच सांगितलंत ना."

"दिलाय. तो मोडणारा मी आहे, तुम्ही नाही. काढा."

विजेचा घण सुरू झाला तेव्हा भट्टीची जमीन हादरली. तामेजोने राख लावली, चिखलाचं पाणी ओतलं; तेवढं काम त्याने स्वतःकडे ठेवलं. ओगुरीने पोलाद काढलं, यंत्राखाली धरलं, पायाने पट्टी दाबली. धाडधाडधाडधाड. आधी टिचकी नाही, मागे पोकळी नाही. पाच श्वासांचं काम दोन श्वासांत झालं. निवल्यावर ओगुरीने कडेवरून नख फिरवलं, आणि ठोकळा तामेजोच्या हातात दिला. रेघ नव्हती. नववी घडी धरली होती.

"छान मारतो," तामेजो म्हणाला. यंत्राबद्दल. आणि मग तोंड धुवायचं निमित्त करून पाणवठ्याकडे गेला, तो लवकर परत आला नाही. ओगुरीनेही हाक मारली नाही.

उरलेल्या तीन घड्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झाल्या. पुढचं, पातं लांबवणं, धार, पाणी देणं, सगळं ओगुरीचंच होतं. तामेजो बसने परतला, आणि घरी न जाता आधी सेत्सुवहिनींकडे गेला. ओसरीवर बसला. वहिनींनी चहा पुढे ठेवला.

"पोलाद धरलं," तो म्हणाला. "शरद ऋतूपर्यंत तलवार होईल."

"तू मारलास ना घण?"

"मारला. तीनदा. तिन्ही वेळा फसलं." त्याने जमिनीला कपाळ टेकलं. "मग यंत्राने केलं, वहिनी. मीच लावायला सांगितलं. माझा घाव उशिरा पडतो. मला ठाऊकच नव्हतं."

वहिनींनी स्वतःच्या कपातला चहा निवू दिला. तामेजोने मान वर केली नाही.

"मला ठाऊक होतं," अखेर त्या म्हणाल्या. "मी स्वयंपाकघरात असायची. आधी यांची हातोडी, मग तू. मधलं अंतर वाढत गेलेलं मला ऐकू यायचं. यांना एकदा म्हटलंसुद्धा, तामेजो थकला हो, उशिरा मारतो."

"वस्ताद काय म्हणाले?"

"म्हणाले, थकलोय मी. तो थांबतोय. त्याला सांगू नकोस, नाही तर ओशाळेल."

तामेजोने कप उचलला, पण तो ओठांपर्यंत गेला नाही. तसाच धरून बसला.

"ऊठ आता," वहिनी म्हणाल्या. "किनु वाट बघत असेल. शब्दाचं म्हणशील, तर मागताना मीच चुकले. यांनी असला शब्द तुझ्याकडून कधी घेतला नसता."

शरदात तलवार आली. मुठीच्या आत ओगुरीचं नाव होतं. तो कायदाच आहे. वहिनींनी ती देवघरासमोर ठेवली, गावातल्या चार जणांनी येऊन पाहिली. तामेजोही पाहून आला. छान झाली होती. कुठे एक रेघ नव्हती.

हिवाळा लागायच्या आधी वहिनींचा पुतण्या आला आणि भट्टीची जागा ट्रॅक्टरसाठी मोकळी करायची ठरली. ऐरण भंगारवाल्याकडे जाऊ नये म्हणून ओगुरीने ट्रक आणून ती नेली. राहिला कोळसा. पाइनचा, आगपेटीएवढ्या तुकड्यांत एकसारखा कापलेला, अकरा पोती. तो कापायला तामेजो तीन वर्षं शिकला होता. पुतण्या म्हणाला, "काका, तुम्हीच न्या. नाही तर टाकूनच द्यायचाय."

म्हणून त्या हिवाळ्यात किनुच्या अंगणातल्या शेगडीत तो कोळसा जळत होता. पाइनचा कोळसा भसकन पेटतो, ठिणग्या उडवतो आणि पाहता पाहता विझतो. एका दुपारी बांगडा भाजताना किनु करवादली, "हा कसला कोळसा आणलात! बांगडा वरून करपतो आणि आत कच्चा राहतो. धड मासासुद्धा भाजत नाही."

तामेजो शेजारी उकिडवा बसला होता. त्याने तिच्या हातातला पंखा घेतला आणि वारा घालायला लागला.

"माशासाठी नाही कापलेला तो," तो म्हणाला.